तिसऱ्या तळ्यावरचे उचाटे

बाटलीबाईंचं खरं नाव कागदोपत्री होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. गेली सव्वीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला त्या तारेच्या टोपलीत बारा रिकाम्या बाटल्या घेऊन मैलापाणी केंद्राच्या चार तळ्यांना फेरी घालायच्या आणि भरलेल्या बाटल्या घेऊन लॅबमध्ये परतायच्या. म्हणून बाटलीबाई. शहराच्या पोटातून जे जे वाहून जायचं ते सगळं या चार तळ्यांत येऊन निवळायचं. पहिल्या तळ्याचं पाणी काळं, दुसऱ्याचं करडं, तिसऱ्याचं हिरवं आणि चौथ्याचं असं की नवख्या माणसाला वाटावं, चला, पाय बुडवून बसू या. अर्थात नवखा माणूस चौथ्या तळ्यापर्यंत पोचायचाच नाही. पहिल्यालाच नाकाला रुमाल लावून परत फिरायचा.

बाईंना वास येत नसे. म्हणजे कधीकाळी येत असेल, पण नाकानं केव्हाच हात टेकले होते. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या साबण लावून दोनदा अंघोळ करायच्या, तरी मोठी बहीण म्हणायची, "आलं बघ तुमचं केंद्र घरी." ताईची जीभ अशीच होती. एका शाळेच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून ती आता घरी बसली होती आणि त्या चौतीस वर्षांत जे जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं धाकटीला ऐकवत होती. दोघींपैकी लग्न कुणाचंच झालं नाही. ताईचं ठरून मोडलं आणि धाकटीचं कुणी ठरवलंच नाही. दोन खोल्या, एक गॅलरी, दोन पलंग. दोघींचं बरं चाललं होतं.

पक्ष्यांचं वेड बाईंना जन्मजात नव्हतं. ते त्यांच्या गळ्यात पडलं एका दाताच्या डॉक्टरांमुळे. एकवीस वर्षांपूर्वी हे डॉक्टर एका सकाळी केंद्राच्या फाटकाशी आले. गळ्यात दुर्बीण, नाकावर रुमाल. शहरातल्या पक्षीमित्र मंडळाचे ते अध्यक्ष होते. चौकीदारानं त्यांना बाईंकडे पाठवलं. डॉक्टर पहिल्या तळ्याच्या बांधापर्यंत आले, तिथूनच दुर्बीण फिरवली आणि रुमालाआडून म्हणाले, "ती बदकं आहेत ना पलीकडे, चपट्या चोचीची?"

"हो. ती येतात थंडीत. चोचीनं पाणी चाळत फिरतात. चार-पाच दिवस झाले असतील येऊन," बाई म्हणाल्या. "आणि त्यांच्यामागे ती लहान, कानशिलावर हिरवा पट्टा असलेली. ती आधी येतात."

डॉक्टरांनी दुर्बीण खाली केली. "तुम्हाला इथून दिसला पट्टा? नुसत्या डोळ्यांनी?"

"रोज बघते ना."

"बाई, तुमच्यासारखी नजर आमच्या मंडळात कुणाची नाही," डॉक्टर म्हणाले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत बाईंना कुणी म्हटलेलं एवढं एकच चांगलं वाक्य. चपट्या चोचीच्या बदकाला थापट्या म्हणतात, लहानाला चक्रांग, हे डॉक्टर सांगून गेले. आठवड्यानं पोस्टानं एक चित्रांचं पुस्तक आलं आणि सोबत एक छापील तक्ता. दरवर्षी कडाक्याची थंडी पडायच्या तोंडावर एका रविवारी मंडळाचे लोक शहरभर पक्षी मोजायचे. 'केंद्राची जागा तुमच्याकडे,' असं डॉक्टरांनी तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं. 'भरून दवाखान्यात पोचवावा.'

तेव्हापासून बाईंनी एक रविवार चुकवला नाही. एकदा अंगात ताप होता तरी गेल्या. एकदा ताईच्या पायाचं हाड मोडलं होतं, तर शेजारणीला बसवून गेल्या. तळ्यांवर चार तास उभं राहायचं, थव्यांची दहा-दहानं मोजदाद करायची, मग दुसऱ्या बाजूनं पुन्हा करायची, दोन्ही आकडे जुळले तरच लिहायचे. लॅबमध्ये त्यांना तशीच सवय होती. दोन बाटल्यांचा निकाल जुळला नाही तर त्या तिसरी भरायच्या. तक्ता पाकिटात घालून दवाखान्याच्या पत्रपेटीत टाकला की त्यांचं वर्ष संपायचं.

"वाचतं का गं कुणी तुझे ते कागद?" ताई विचारायची.

"डॉक्टर वाचतात."

"वाचतात तर एकदा तरी पोचलं म्हणून कळवतात का? आमच्या शाळेत चपराश्याच्या रजेच्या अर्जालासुद्धा पोच मिळायची."



यंदाचा तो रविवार भलताच गारठ्याचा उजाडला. बाई फाटकातून आत शिरल्या तेव्हा गवतावर पांढरं दव गोठून बसलं होतं आणि पायाखाली ते करकरत होतं. तळ्यांवर धुकं इतकं दाट की पाणी दिसेना, नुसता आवाज. पाण्यावर उकळ्या फुटाव्यात तसा एकसारखा बुडबुड, चुबुकचुबुक आवाज. बाईंना हसू आलं. हजारभर तरी थापटे होते आत, नाश्त्याला बसलेले.

नऊच्या सुमारास धुकं वर चढलं. थापटे दोन आणि तीन नंबरच्या तळ्यांवर पसरले होते, एकमेकांच्या मागे गोल गोल फिरत, मान पाण्यात, चोच चाळणीसारखी चाललेली. बाईंनी मोजले, अकराशे चाळीस. पलीकडून मोजले, अकराशे पंचवीस. पुन्हा पहिल्या बाजूला आल्या, अकराशे पस्तीस. पुन्हा पलीकडून, अकराशे पस्तीस. तोच लिहिला. चक्रांग दोनशे साठ. तलवार बदकं चाळीस. टिबुकल्या एकोणीस, पण त्यांचं काही खरं नाही, बुडी मारून दुसरीकडेच निघतात आणि माणसाला दोनदा मोजायला लावतात. बांधावर धोबी पक्ष्यांची शेपटी वरखाली करत धावपळ. गाळाच्या कडेनं लांब तांबड्या पायांचे शेकाटे, थंडीनं एक पाय पोटात घेऊन उभे. एक शिकारी भोवत्या तळ्यावरून सावकाश गेला, कचेरीत तपासणीला आलेल्या साहेबासारखा, आणि त्याच्यापुढून सगळी बदकं एका बाजूला सरकली.

आणि मग तिसऱ्या तळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात बाईंना ते दिसले. आधी त्यांना वाटलं बगळेच. पण बगळा असा चालत नाही. पांढरेशुभ्र, पंखांवर काळ्या पट्ट्या, निळसर लांब पाय, आणि चोच टोकाला वर वळलेली, जणू कुणी चिमटीत धरून वाकवलेली. एका ओळीत, गुडघाभर पाण्यात, सगळे एकदम चोच डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे येत होते. गवत कापणाऱ्या माणसांची रांग यावी तसे.

पुस्तकातलं चित्र बाईंना पाठ होतं. उचाट्या. एकवीस वर्षांत त्यांनी तो एकदाही पाहिला नव्हता, आणि शहरात कुणी पाहिल्याचं ऐकलंही नव्हतं. त्यांनी मोजले. छत्तीस. पुन्हा मोजले. छत्तीस. तिसऱ्यांदा मोजायला गेल्या तर डोळ्यांत पाणी येऊन आकडे पुसट व्हायला लागले. थंडीचं पाणी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात मागून लाकडावर घण घातल्याचा आवाज आला. उचाट्यांनी माना वर केल्या, एकदम उडाले आणि मोठा फेरा मारून पुन्हा उतरले. बाई वळल्या. दुसऱ्या बांधावर चार माणसं खुंट्या ठोकत होती. खुंट्यांच्या टोकांना लाल रंग. बाजूला कानटोपी घातलेले इंजिनिअर साहेब उभे होते.

"साहेब, रविवारी काय काढलंय?"

"मोजणीवाल्यांना आजच वेळ होता, बाई. नवीन बंदिस्त केंद्र मंजूर झालं ना. टाक्या येणार, सगळं झाकलेलं. वास गेला म्हणून समजा," साहेब खुशीत होते. "तळी बुजवायची. दोन महिन्यांत भराव सुरू."

"चारी?"

"चारी. तुम्हाला आता थंडीवाऱ्याची फेरी नाही. नळ सोडला की नमुना, तोही लॅबच्या आत."

बाईंनी तळ्याकडे हात केला. "आणि हे?"

साहेबांनी पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "पक्षी का? त्याचा अहवाल झालाय, बाई. आम्ही नियमानं सगळं केलं. चला, दाखवतो."

साहेबांच्या खोलीत हीटर चालू होता. फाईल जाडजूड होती. त्यांनी अंगठा ओला करून पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. पक्षीमित्र मंडळाच्या छापील कागदावरचं ते पत्र होतं. चार ओळींचं. 'मंडळाच्या गेल्या वीस वर्षांच्या वार्षिक गणनेत सदर जागेवर पक्ष्यांची उल्लेखनीय नोंद नाही. प्रस्तावास मंडळाची हरकत नाही.' खाली दाताच्या डॉक्टरांची सही, अध्यक्ष या नात्यानं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. शब्द तेच होते.

"यात काहीतरी चुकलंय, साहेब. दरवर्षी मी स्वतः तक्ता देते."

"मग तुम्ही डॉक्टरांनाच विचारा," साहेब म्हणाले. "आमच्याकडे आलं ते आम्ही लावलं."

संध्याकाळी चारला मंडळाचे लोक डॉक्टरांच्या दवाखान्यात जमायचे. रविवारी दवाखाना बंद असल्यामुळे बाहेरच्या खोलीतल्या पेशंटच्या खुर्च्या गोल मांडून, चहा-बिस्किटं खात, ज्याचा त्याचा आकडा वाचून दाखवायचा असा त्यांचा रिवाज. बाईंना हे ठाऊक होतं, पण त्या कधी गेल्या नव्हत्या. बसमध्ये शेजारचं माणूस उठून दुसरीकडे बसलं की त्यांना कळायचं आपण कुठून आलोय ते. आज त्या अंघोळ न करता तशाच गेल्या.

खोलीत चौदा-पंधरा माणसं होती. सेक्रेटरी, म्हणजे बँकेतले एक गृहस्थ, फळ्यावर आकडे लिहीत होते. 'थापट्या – एकशे ऐंशी' एवढं फळ्यावर लिहून झालं होतं, साऱ्या शहराचं. बाई दारात उभ्या राहिल्या. दाराजवळच्या खुर्चीवरच्या एका महिलेनं नाकाशी हात नेला आणि मग घाईनं केस सारखे केल्यासारखं केलं.

"या, या," डॉक्टर म्हणाले. एकवीस वर्षांत त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी ओळखलं, की ओळखल्यासारखं केलं, देव जाणे. "तक्ता आणलात? ठेवा तिथं."

"वाचूनच दाखवते," बाई म्हणाल्या. "थापटे अकराशे पस्तीस. चक्रांग दोनशे साठ. उचाटे छत्तीस."

सेक्रेटरींचा खडू थांबला. कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. "उचाटे? मैल्यात?"

"डॉक्टर," बाईंनी तिकडे बघितलंही नाही, "केंद्राच्या फाईलीत तुमचं पत्र आहे. आमच्या जागी पक्षीच नाहीत म्हणून. मी वीस वर्षं काय दिलं तुम्हाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे बघा, आपण नंतर शांतपणे बोलू."

"मी शांतच आहे."

"तुमचे आकडे बसत नव्हते, बाई," डॉक्टर म्हणाले. आवाज समजूत घालणारा, दात काढण्याआधीचा. "साऱ्या शहरात आम्हाला दोनशे थापटे, आणि तुम्ही एकट्या नऊशे म्हणता. सोबत फोटो नाही, दुसरा साक्षीदार नाही. असे आकडे छापले तर मंडळाची पत काय राहील? म्हणून आम्ही ते... बाजूला ठेवले."

"मग येऊन बघायचं होतं. बसनं वीस मिनिटं लागतात."

डॉक्टरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "तिथं थांबवत नाही हो," ते शेवटी म्हणाले.

"माझे कागद कुठे आहेत?"

डॉक्टरांनी रिसेप्शनिस्टकडे पाहिलं. ती दवाखान्यातली जुनी बाई, रविवारी चहा करायला आली होती. ती आत गेली आणि बाल्कनीतल्या कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीला गाठ मारलेली होती. गाठ सोडायला तिला वेळ लागला, आणि ती सोडताना तिनं मान दुसरीकडे वळवली होती.

आत वीस पाकिटं होती. खालची सहा उघडलेली. वरची चौदा बाईंनी जशी चिकटवली होती तशीच.

"पाकिटांना वास येतो लॅबचा," रिसेप्शनिस्ट पुटपुटली. "आतल्या कपाटात ठेवता येत नव्हती. डॉक्टरच म्हणाले, आता उघडत जाऊ नको, नुसती ठेवत जा."

बाईंना सहावं वर्ष लख्ख आठवलं. त्या वर्षी मंडळाच्या छापील पुस्तिकेत साऱ्या शहराचे थापटे दोनशे दहा लिहिले होते, आणि त्यांच्या एकट्या तक्त्यात आठशे ऐंशी होते. त्यांनी फोन करून विचारलं होतं. "छापखान्याची चूक," डॉक्टर म्हणाले होते. बाईंनी ते मानून घेतलं. म्हणजे पटलं होतं असं नाही. पटलं नव्हतंच. पण 'तुमच्यासारखी नजर कुणाची नाही' म्हणणाऱ्या माणसाशी वाद घातला तर ते वाक्यही हातचं जाईल, असं कुठंतरी वाटलं असावं. फोन ठेवून त्यांनी पुढची चौदा वर्षं थव्यांची दोन-दोनदा मोजदाद केली होती. आज त्यांचा डॉक्टरांवर जेवढा राग होता त्याहून जास्त त्या फोन ठेवणाऱ्या स्वतःवर होता.

"उद्या सकाळी सातला या," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही. आणि हसले ते पण. रुमाल आणा हवा तर." पिशवी काखेत मारून त्या निघाल्या.

सोमवारी पाचजण आले. डॉक्टर होते, कॅमेरा घेऊन सेक्रेटरी होते. पहिल्या तळ्याशी पाचही जणांचे रुमाल बाहेर निघाले. बाई बाटल्यांची टोपली घेऊन पुढे, वळून न बघता. तिसऱ्या तळ्याच्या बांधावर येईपर्यंत ऊन वर आलं होतं आणि उचाटे अगदी अलीकडच्या काठाला चरत होते. एकतीस उरले होते. पाच जण रात्रीतून पुढे गेले असावेत.

डॉक्टरांचा रुमाल हळूहळू खाली आला. मागे थापट्यांचा थवा उठला, आभाळात वळला आणि पाण्यावर उतरताना चादर झटकल्यासारखा आवाज झाला.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. मग पुन्हा, "अरेरे. बाई, मी चुकलो."

"मला नका सांगू. कागदावर लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. तिथंच, लॅबच्या ओट्यावर, उभ्यानं. आधीचं पत्र मागे घेतो, जागा अत्यंत महत्त्वाची आहे, काम थांबवावं. बाईंनी उरलेली चौदा पाकिटंही उघडली, सगळे तक्ते वर्षाप्रमाणे लावले आणि पत्रासोबत साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी प्रत्येक कागदावर 'मिळाले' असा शिक्का मारला. एकवीस शिक्के, यंदाच्या तक्त्यासकट. ताई म्हणत होती ती पोच ही अशी मिळाली.

उत्तर अकराव्या दिवशी आलं. हरकती घेण्याची मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपली होती. शिवाय त्याच मंडळाची, त्याच अध्यक्षांच्या सहीची, ना-हरकत फाईलीत असताना आता उलट पत्र विचारात घेता येत नाही. साहेबांनी बाईंना बोलावून ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "मी वर बोलून पाहिलं, बाई. खरंच पाहिलं."

"तुम्ही पाहिलं असेल," बाई म्हणाल्या.

त्यानंतर पंधरवड्यानं मंडळाचं मासिक आलं. पहिल्याच पानावर रंगीत फोटो, उचाटे एका रांगेत, मागे हिरवं पाणी. 'शहरातली उचाट्यांची पहिली नोंद.' तारीख सोमवारची. संख्या एकतीस. निरीक्षक म्हणून डॉक्टर, सेक्रेटरी आणि बाकीचे तिघे, पाचही नावं नीट पदव्यांसकट. अगदी शेवटी, बारीक अक्षरात, 'मैलापाणी केंद्रातील कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले.'

ताईनं मासिक वाचलं, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचलं. बाई वाट बघत होत्या, आता ही काहीतरी फटकन बोलेल. मी म्हटलं नव्हतं का, असं तरी म्हणेल. ताई काहीच बोलली नाही. मासिक तिनं घडी घालून गॅलरीतल्या रद्दीत नेऊन ठेवलं आणि चहा टाकला. बाईंना ते ताईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

डॉक्टर एकदा घरी आले. हातात एक फुलांचा गुच्छ आणि एक लाकडी मानचिन्ह, त्यावर पितळी पट्टी. 'पक्षीनिरीक्षणातील दीर्घ सेवेबद्दल.' बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मासिकातलं ते सेक्रेटरींनी लिहिलं," डॉक्टर म्हणाले. "फोटोच्या नियमानं सोमवारचीच नोंद धरावी लागली. पुढच्या अंकात दुरुस्ती टाकू या."

"छापखान्याची चूक म्हणून?"

डॉक्टरांनी खाली पाहिलं. "तुम्ही मला माफ करणार नाही."

"डॉक्टर, तुम्ही माझ्याशी वाईट वागलात ते मी एकवेळ गिळलं असतं. पण तुम्ही सही केलीत. न बघता." बाई थांबल्या. "मी पण नाही बघितलं. मी पण पुस्तिका मिटून ठेवली होती. तेव्हा माफ करायचं कुणी कुणाला?"

ताई आतून आली, मानचिन्ह उचललं, पट्टी वाचली. "डॉक्टर," ती म्हणाली, "हे घेऊन जा. आमच्याकडे दोनच खोल्या आहेत." दुरुस्ती पुढच्या अंकात आली नाही, त्याच्या पुढच्यातही नाही.

भराव थंडी सरायच्या आत सुरू झाला. चौथ्या तळ्यापासून. डंपर दिवसभर मुरूम आणून ओतायचे आणि पाणी मागे मागे सरकायचं. थापटे आधी चौथ्यावरून तिसऱ्यावर आले, मग दुसऱ्यावर, मग पहिल्या काळ्या तळ्यात दाटीवाटीनं फिरायला लागले, आणि एका सकाळी नव्हतेच. नियमाप्रमाणे प्रत्येक तळ्याचा शेवटचा नमुना घ्यायचा होता. बाईंनी घेतला. चिठ्ठीवर तारीख लिहिली आणि खाली 'अंतिम'. पहिल्या तळ्याच्या बाटलीत एक बारीक पीस तरंगत आलं होतं. नमुन्यात कचरा चालत नाही, म्हणून त्यांनी ती ओतून दुसरी भरली.

नवीन केंद्र खरंच चकाचक झालं. वास गेला. आता लॅबच्या भिंतीत चार नळ होते, खाली स्टीलचं बेसिन. सकाळी साडेसहाऐवजी नऊला गेलं तरी चालायचं. बसमध्ये बाईंच्या शेजारी माणसं बसू लागली, बोलूही लागली. एका बाईनं तर त्यांना कुठलं अत्तर लावता म्हणून विचारलं. बाई त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ नुसत्या पलंगावर बसून राहिल्या होत्या.

वर्ष फिरून आलं. पुन्हा गारठा पडला, गॅलरीच्या काचेवर सकाळचं बाष्प धरायला लागलं. एका शुक्रवारी फोन वाजला. सेक्रेटरी होते.

"बाई, परवा गणना. तुमच्या भागाला कुणी नाही मिळालं. तुम्ही कराल ना?"

"माझ्या भागात आता काही नाही."

"तरी एक चक्कर मारा. काही नसलं तर शून्य लिहून पाठवा. शून्य हीसुद्धा नोंद असते, बाई."

"ते तुम्ही माझ्याशिवायही लिहीतच आलाय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारी त्या उठल्या नाहीत. पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिल्या. ताई शाल गुंडाळून गॅलरीत उभी होती. इतक्या सकाळी ती एरवी कधी बाहेर जात नसे.

"अगं," ती म्हणाली, "वरून काहीतरी चाललंय बघ. बरंच आहे. बदकं असतील का?"

बाई हलल्या नाहीत.

"वीस," ताई मोजायला लागली. तिला ते कधीच जमत नसे. "तीस... थांब, ती मागची राहिली. चाळीस... अगं, वळली. परत फिरली वाटतं. आता कुठली मोजली आणि कुठली नाही, काय कळतंय?" ती आत वळून बघत होती, धाकटी काहीतरी सांगेल म्हणून. "ऐकतेयस ना? सांग ना गं, कशी मोजायची ती?"

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि पांघरूण आणखी वर ओढून घेतलं.